चढवून ठेवलेली तार

आक्का, आम्ही निघालो त्या सकाळी तू दारात उभी होतीस. लग्न होऊन तू त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे नांदत होतीस, म्हणून तू राहिलीस आणि आम्ही निघालो. तू पाहिलंस ते दारातून, मी पाहिलं ते टांग्यातून. माझ्या बाजूचं एकदा सांगून टाकते. आपल्याकडून उठून कल्याण-डोंबिवलीत मुरलेल्या मंडळींनीही ऐकावं, त्यांच्याही घरात असं काहीतरी कोपऱ्यात उभं असेलच.

नाना आपल्या छोट्याशा संस्थानचे गवई. तंबोऱ्यांची जोडी होती. एकाच वेलाचे दोन भोपळे, मिरजेच्या एकाच कारागिराचा हात. त्यातला एक दरबारचा, एक आपला. संस्थान विलीन झालं, गवयाची जागा गेली, आणि दरबारची वस्तू दरबारला परत करून मामाकडे डोंबिवलीला जायचं ठरलं. टांग्यात ट्रंका चढल्या, आई चढली, धाकटा बापू चढला. नानांनी आपला तंबोरा माझ्या मांडीवर उभा केला, दरबारचा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "कुसू, सूर धरून ठेव. मी आलोच."

चौदा वर्षांची मी, भर रस्त्यात टांग्यात बसून तंबोरा छेडत राहिले. घोडा कान हलवत होता, शेजारच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण हात थांबवला नाही. नाना परत आले ते रिकाम्या खांद्याने.

आई म्हणाली, "आता तरी तारा उतरवा. प्रवास आहे." वाद्यवाल्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तारा ताणलेल्या ठेवून प्रवास केला तर भोपळ्यावरची लाकडी तबली दबते. नाना म्हणाले, "दरबारचा तंबोरा उतरवत नाहीत. बोलावणं केव्हा येईल सांगता येतं का?"

दरबार उरला नव्हता, आणि हा तंबोरा दरबारचा कधीच नव्हता. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात तसं झालं. पुढे सबंध प्रवासभर आगगाडीच्या खडखडाटाने माझ्या मांडीवर तो तंबोरा आपला आपण गुणगुणत आला, आणि नाना खिडकीबाहेर बघत बसले होते.

डोंबिवलीत मामाने भातशेतांच्या कडेच्या एका चाळीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. हळूहळू आपल्या घरातले शब्द बदलले. न्याहारीचा नाश्ता झाला, शेगडी जाऊन स्टोव्ह आला, आणि मी टायपिंग शिकून ठाण्याच्या एका ऑफिसात लागले. बदलला नाही तो फक्त तो कोपरा. गवसणी काढलेला तंबोरा तिथे भिंतीला टेकून उभा असे. नाना रोज सकाळी आंघोळ करून तो सुरात लावत आणि परत ठेवून देत. गात मात्र नसत. मामाने कल्याणच्या एका शाळेत गाणं शिकवायची नोकरी पाहिली होती. तिला नानांचं एकच उत्तर असे, "आणि मी वर्गात असताना बोलावणं आलं म्हणजे?" आई कोंड्याचा मांडा करून दिवस ढकलत होती. मला नानांचा राग यायचा, आक्का. खूप राग यायचा.

आणि तो तंबोरा बोलायचा. सुरात लावलेल्या तारेजवळ कुणी नेमक्या त्याच सुरात आवाज काढला की तार आपोआप थरथरते, हे तुला मी काय सांगू? पण आपल्या जुन्या घरात माणसं होती, गाणं होतं, त्या गलबल्यात ते कधी जाणवलं नव्हतं. इथे दुपारची चाळ अगदी सामसूम. आई दारात उभी राहून हाक मारायची, "बापूऽऽ", की मागून कोपऱ्यातून हलकेच "ऊंऽऽ" यायचं. वर्षानुवर्षं नानांच्या सुरात नांदलेली बाई, तिची हाकही त्याच सुरात लागायची. एकदा ते लक्षात आल्यावर आईने मोठ्याने हाक मारणंच सोडलं. बापूला बोलवायचं तर मला पाठवायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आपण एकाला हाक मारायची आणि ओ दुसऱ्यानेच द्यायची. नको वाटतं बाई."

चाळीचे मालक गोमादादा तिथलेच, जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी खाडीवर मिठागरात काम केलेलं. नानांना ते तात्या म्हणायचे. एकदा संध्याकाळी परसातली वांगी द्यायला आले आणि दारातच थबकले. बहुतेक त्यांच्याच हाकेने तार हलली असावी.

"तात्या, घरान कोनी आजारी हाय का? कन्हतंय कोन?"

आईने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. गोमादादा स्वतः भजनात मृदंग वाजवणारे. त्यांना समजायला वेळ लागला नाही. तंबोऱ्यापाशी उकिडवे बसले आणि तबलीकडे तिरपं बघत म्हणाले, "ही तं बसाला लागली. खाडीची हवा हाय हिकरं. तात्या, एक तं वाजवा, नाय तं तारा उतरवा. बांधून ठेवलेला ढोर हंबारतंच."

नाना हसले नाहीत. "उद्या-परवा बोलावणं येईल," म्हणाले. गोमादादांनी आईकडे पाहिलं, वांगी ठेवली आणि निघून गेले. त्या दिवसापासून चाळीतली पोरं कण्हणाऱ्या तंबोऱ्याला घाबरून आमच्या दारावरून पळत जायची.

मग एक दिवस बोलावणं आलं.

रविवार होता, दुपार कलत आलेली. दारात दत्तोबा उभा. तोच पटका, तीच वाकून उभं राहायची लकब. राजवाड्यावरचा हुजऱ्या, आठवतो ना? "महाराजांनी याद केलंय," एवढं बोलून दारात उभा राहायचा तो. नानांनी त्याला पाहिलं आणि एक शब्द न विचारता उठले. खुंटीवरचा काळा कोट घातला, पगडी डोक्यावर चढवली. मला म्हणाले, "कुसू, तंबोरा घे." आणि चपला शोधू लागले.

दत्तोबाचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. त्याने हात जोडले. "नाना, मी... मी शहाडला गिरणीत लागलोय. तुमचा पत्ता लागला, म्हटलं पाया पडून यावं. सहज आलो, नाना."

नाना एका पायात चप्पल घालून उभे राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला पदर लावून. नानांनी विचारलं, "आणि आपला जोडीदार? दरबारचा?"

"महाराज पुण्याला राहतात आता. वाड्यात कचेरी बसली. तंबोरा माळ्यावर टाकला होता. मी बघितला तेव्हा भोपळा फुटला होता."

मला वाटलं, नाना आता कोसळतील. ते कोसळले नाहीत. चप्पल काढली, पण कोट आणि पगडी तशीच ठेवली. सतरंजी अंथरायला सांगितली आणि दत्तोबाला म्हणाले, "इतकी वर्षं दाराबाहेर उभा राहून ऐकलंस. आज समोर बैस." दत्तोबा सतरंजीवर बसेना. नानांनी हाताला धरून बसवला, महाराज बसायचे तसा अगदी समोर. मी मागे बसून सूर धरला आणि नानांनी भीमपलास सुरू केला.

आवाज पहिल्यासारखा कुठला राहिलाय? वर जाताना फाटत होता. पण आक्का, ते गाणं तू ऐकायला हवं होतंस. चाळ दाराशी गोळा झाली, गोमादादा उंबऱ्यावर बसून मांडीवर ताल धरत होते, आणि दत्तोबा मान खाली घालून रडत होता. गाणं संपल्यावर नानांनी तंबोरा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एकेक खुंटी सैल केली. पंचम उतरला, मग जोडीच्या दोन तारा. प्रत्येक तार खाली खाली जात नुसती लोंबू लागायची. शेवटची खर्जाची तार राहिली. तिच्या खुंटीवर हात ठेवून ते थांबले. "एवढी राहू दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईने किती तरी दिवसांनी दारातून खणखणीत हाक मारली, "बापूऽऽ!" आणि मागे वळून कोपऱ्याकडे बघत राहिली. काहीच आलं नाही. खर्ज खालचा, तो त्या हाकेला कसला बोलतोय? तेव्हा ती खाली बसली आणि रडली. गाव सुटलं त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली.

नाना त्या शाळेत जाऊ लागले. चार-पाच वर्षं शिकवलं. मुली त्यांना घाबरायच्या आणि त्यांच्या नकलाही करायच्या. नाना त्या बघून हसायचे, हे तुला खोटं वाटेल. मग दम्याने घेरलं. एका दुपारी मला म्हणाले, "कुसू, सूर धर." मी बाकीच्या तारा चढवून तंबोरा लावला. त्यांनी डोळे मिटले, कुशीवर वळले आणि पुटपुटले, "धरून ठेव. मी आलोच." मी वाजवत राहिले. खूप वेळाने आईने येऊन तारांवर हात ठेवला.

आता माजिवड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये तो माझ्या पलंगाशेजारी असतो. तीन तारा उतरवलेल्या, खर्ज चढवलेला. ती तार दोनदा तुटली, दोन्ही वेळा मी नवी आणून चढवली. हायवेवरून जड ट्रक गेला की खर्ज गुणगुणतो. नात म्हणते, "आजी, मला जाम भीती वाटते गं, उतरव ना ती एक तार." माझा हात खुंटीपर्यंत जातो आणि परत येतो.

भीती मलाही वाटते, आक्का. नाना येणार नाहीत हे मला कळतं, मी काही वेडी नाही. तू दर दिवाळीला विचारतेस, "घरी कधी येतेस?" आणि मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. खरं सांगू? मला सूर धरून बसायला सांगितलंय. मी तिकडे निघून आले आणि ते इकडे आले, तर?