सुनंदाला सांभाळताना

सुनंदा माझा फोन उचलेनाशी झाली, तेव्हा पोरगी हातची गेली अशी माझी खात्रीच झाली. देवासच्या आमच्या मंडळीत तिचा बाप्तिस्मा होऊन जेमतेम चार महिने झाले होते. नवा विश्वासी म्हणजे कोवळं रोप, असं म्हणून पाळकसाहेबांनी तिला माझ्या स्वाधीन केलं होतं. मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, त्यातून निवृत्त शिक्षिका. रोपाला पाणी घालण्यापेक्षा कुंपण घालण्याचीच मला हौस फार. हे करू नकोस, तिथे जाऊ नकोस. ती बिचारी "हो बाई" म्हणून सगळं ऐकायची.

मग धारच्या पुढे, मनावर गावात एकट्या राहणाऱ्या तिच्या सासूबाईंचा कंपवात वाढला आणि त्यांचं करायला सुनंदा तिकडे गेली. तिथून तिनं विचारलं, "बाई, आईंना काडी पेटवता येत नाही. देवापुढचा दिवा मी लावू का?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "हात लावायचा नाही. आज दिवा लावशील, उद्या आरती म्हणशील." त्यानंतर आठ दिवस तिचा आवाज नाही.

उंटावरून शेळ्या हाकून भागेना, म्हणून मी स्वतःच निघाले. दुपारपर्यंत पोचायचं, तिला चार खडे बोल सुनवायचे आणि सोबत घेऊनच परतायचं, असा बेत होता. धारच्या पुढे बस बंद पडली. तीन तास रस्त्याच्या कडेला बसून मी देवाशी अक्षरशः भांडले. तुझंच काम करायला निघालेय ना, मग ही अडवणूक कशाला? शेवटी एक अनोळखी जीपवाला थांबला. "माई, बैठ जाओ, मनावर छोड़ देंगे," म्हणाला. त्यानं थेट दारापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा दिवेलागण झाली होती.

दार उघडंच होतं. आत म्हातारी देवघरापुढे पाटावर बसली होती. सुनंदा तिच्या मागे गुडघ्यांवर होती आणि दोन्ही हातांनी तिनं सासूचं मनगट घट्ट धरलं होतं. काडी म्हातारीच्या बोटांत होती. ज्योत लागली. म्हातारीनं हात जोडले, तेव्हा सुनंदानं डोळे मिटून घेतले होते आणि तिचे ओठ हलत होते.

मला पाहून ती दचकली. "बाई, दिवा आईच लावतात. मी नुसता हात धरते, आणि त्यांच्यासाठी आपल्या प्रभूकडे मागते." मग तिला रडू फुटलं. "तुम्ही नाही म्हटलं म्हणून मी लावला नाही. दिवा लागल्याशिवाय आई जेवत नाहीत. दोन दिवस उपाशी राहिल्या. तेव्हा वाटलं, सच्ची सांगते बाई, असला देव मला नको. तिसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं, अब तूच सांग. आणि हे सुचलं. तुमचा फोन उचलायची हिंमत नाही झाली."

ज्या विश्वासाला जपायला मी धावले होते, तो माझ्याच एका वाक्यानं मोडायला आला होता. दुपारी पोचले असते तर हे काही न पाहताच मी तिला ओढून नेलं असतं. म्हातारीचे पाय धरून मी क्षमा मागितली. ती गोंधळली. "अहो, माझ्या कशाला पाया पडता? तुमच्या देवाचं मला कळत नाही. पण पूर्वी ही माझ्याशी धड बोलत नसे. आता मायेनं घास भरवते."

"माझं चुकलं का, बाई?" सुनंदानं विचारलं. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत गं. आज तूच प्रार्थना कर."

तिनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत, अडखळत प्रार्थना केली. एरवी मी तिचे शब्द मध्येच दुरुस्त करायची. त्या बस बंद पाडणाऱ्या दयाळू प्रभूचे उपकार मानत मी त्या संध्याकाळी गप्प बसले. तिला सांभाळणारा तिच्याजवळ माझ्या आधीच पोचला होता. तिची प्रार्थना संपली, तेव्हा मी फक्त आमेन म्हटलं.