पूजेला बसलेला कॉम्प्युटर आणि त्याची नक्कल

खंडेनवमीच्या दुपारी धायरीला विद्याताईंकडे गेलो होतो. तासाभराचं काम होतं… अडलं ते भलत्याच ठिकाणी.

विद्याताई घरी बसून टायपिंग आणि पानं लावायचं काम करतात. एका दिवाळी अंकाचं सगळं काम दरवर्षी त्यांच्याकडे असतं. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की ते फक्त जुन्या विंडोजवर चालतं. नवं शिकून घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांची बोटं त्यातल्या जुन्या कीबोर्ड-मांडणीवर न बघता पळतात… आणि ऐन दिवाळी अंकाच्या तोंडावर कोणी बोटं बदलत नाही.

तो जुना कॉम्प्युटर आता धापा टाकायला लागला होता. म्हणून आदल्या आठवड्यात मी त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवून घेतली आणि त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन तयार केलं. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा. बाहेरून बघाल तर नुसती एक मोठी फाइल… पण सुरू केलीत की आत अख्खा जुना कॉम्प्युटर जागा होतो.

इथे जाणकारांसाठी एक तपशील. पहिल्यांदा निळा स्क्रीन आला. आतली डिस्क मी साटावर, म्हणजे नव्या पद्धतीच्या जोडणीवर, जोडली होती आणि त्या जुन्या विंडोजला साटा ओळखताच येत नाही. आयडीई ही जुनी जोडणी दिली, निमूट चालू झालं. लॅपटॉपच्या आठ जीबीतली एक जीबी रॅम त्याला दिली. जास्त देऊन उपयोग नसतो. इंटरनेट मुद्दाम तोडलं, कारण एवढं जुनं विंडोज नेटवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. मी कुठलाही कोर्स केलेला नाही. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडत-मोडत शिकलो, त्यामुळे असं काही जमलं की अजूनही छाती जरा पुढे येते.

तर त्या दुपारी अंकाची शेवटची सोळा पानं राहिली होती. दसऱ्याला प्रेसमध्ये मशीनची पूजा, मग सुट्टी… त्यामुळे पानं त्याच संध्याकाळी पोचायला हवी होती. नाहीतर पुढच्या वर्षीपासून अंक दुसरीकडे जाईल, असं संपादकांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं होतं.

विद्याताईंचे सासरे, अण्णा, मूळचे धायरीचेच. घरची शेती सांभाळून कारखान्यात टर्नरचं काम केलेले. सकाळीच त्यांनी विळा, कोयता, पान्हे आणि जुना कॉम्प्युटर अशी पूजा मांडली होती. मॉनिटरवर हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल. वर्षभर दमलेल्या अवजारांना विश्रांती म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

मला कसली काळजी? मी ऐटीत लॅपटॉप उघडला. जुनं विंडोज सुरू झालं आणि जुन्या कॉम्प्युटरवर असायचा तोच मुलीचा लहानपणीचा फोटो पडद्यावर आला. अण्णा बघत होते, म्हणून म्हटलं, "अण्णा, हा तोच कॉम्प्युटर बरं का. कणभर फरक नाही."

"तोच?"

"अगदी तोच."

"मग ह्याची पूजा झालीया सकाळी," अण्णा म्हणाले. "बंद करा, इंजिनिअरसाहेब."

मी इंजिनिअर नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. विद्याताईंचा हात कीबोर्डवर तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पाण्याचा ग्लास उचलला… तो रिकामा होता. हा वेगळा कॉम्प्युटर आहे म्हणावं, तर आत्ताच तोच आहे म्हणून बसलो होतो.

मग अण्णांनीच चौकशी सुरू केली. "पंखा कुठंय ह्याचा?" म्हटलं, नाही. "करंट किती खातो?" म्हटलं, हा काही खात नाही, लॅपटॉप खातो. "झिजतो का?" म्हटलं, झिजायला त्याला भागच नाहीत.

अण्णांनी लॅपटॉपच्या मागे डोकावून बघितलं. "म्हंजी ह्याला अंग न्हाई. मग ह्यात दमणार कोण?"

"मी दमते, अण्णा," विद्याताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "माझी पूजा कोणी मांडली नाही, तेव्हा मी चालू राहते."

आवाज चढला नव्हता. बोटंही सुरू झाली होती. अण्णा उठून आत गेले… मला वाटलं, आता बिनसलं.

आत भांडी वाजली. बऱ्याच वेळाने अण्णा तीन कप चहा घेऊन आले. साखर इतकी, की चमचा उभा राहावा. विद्याताईंचा कप लॅपटॉपपासून लांब, नीट ठेवला आणि म्हणाले, "हे उरक आज. उद्या तू कशालाच हात लावायचा न्हाई. गॅसला बी."

पानं संध्याकाळी गेली. प्रेसमधून मिळाल्याचा फोन आला, तेव्हाच मी उठलो.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर विद्याताई गॅलरीत पाय वर घेऊन पेपर वाचत बसलेल्या. आत त्यांचे यजमान पुऱ्या लाटत होते, अण्णा तळत होते. गोल एकही नव्हती. विद्याताई मला हळूच म्हणाल्या, "दादा, आत बघू नका. मीही बघत नाहीये."

मी त्या मशीनला किती रॅम लागेल हे अचूक काढलं होतं. ते चालवणाऱ्या बाईंना काय लागेल, हा हिशेब माझ्या डोक्यातही आला नव्हता. अण्णांनी तो चहाच्या एका आधणात केला… त्या पुऱ्या मी चार खाल्ल्या, आणि मनापासून खाल्ल्या.