शिरीषाच्या फळ्या

शिरीष हे लाकूडच नाही, असं मला ज्या ज्या माणसांनी सांगितलं, त्यांतल्या एकानेही शिरीषाची फळी कधी हातात धरलेली नव्हती. रस्त्याचा मुकादम म्हणाला, सरपण आहे. माझा मुलगा म्हणाला, सरपण आहे. वखारवाला तर ओंडका न बघताच म्हणाला. या लोकांना सागाशिवाय झाड दिसत नाही. घरात सागाची साधी खुंटी नसेल, पण गोष्टी सागाच्याच. याचा मला फार राग आला होता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव तलासरीहून आत, डोंगराच्या बाजूला. घरापुढे, रस्त्याला लागून, विलायती शिरीष होता. तो कोणी लावला नव्हता. त्याच्या शेंगा शेळ्या खातात, बी लेंडीतून पडतं आणि उगवतं. आमचाही तसाच उगवला. फुकटचं झाड, म्हणून त्याला मान नाही. पण वाढला असा की अर्धं अंगण सावलीत. त्याची मुळं जमिनीच्या वर आली होती, त्यातलं एक चांगलं गुडघ्याएवढं. त्या मुळावर मी आणि माझी बायको संध्याकाळी बसायचो. हिचे गुडघे गेलेत. जमिनीवर बसली तर उठवायला माणूस लागतो. मुळावरून मात्र ती आपली आपण उठायची, कोणाला हाक मारायची नाही.

मग रस्ता रुंद करायला आले. झाड पाडलं, मुळं जेसीबीने उपटून नेली, आणि खोड माझ्या अंगणात ढकलून दिलं. मुकादम म्हणाला, "घ्या काका, तुमच्या चुलीची चिंता मिटली." जसं काही मला बक्षीसच देत होता.

त्या दिवसापासून ही दाराच्या चौकटीला टेकून उभी. मुलाने प्लास्टिकची खुर्ची आणली. आमची ओटी शेणाने सारवलेली, खालीवर. खुर्चीचे पाय फाकायचे. एकदा ही तिच्यावरून घसरली, तेव्हापासून खुर्चीवर कोंबडी बसते. मी ठरवलं, याच खोडाचा बाक करायचा. जाड फळीचा, भिंतीला लावलेला, आम्हा दोघांना बसता येईल असा लांब.

मुलगा उंबरगावला कारखान्यात जातो. म्हणाला, "बाबा, आता फळ्या कापून बाक कोण करतं? मोबाईलवर मागवतो, घरी आणून देतात."

"आणि हे झाड?"

"झाडाचं काय, आई जाळेल."

"ज्याच्यावर ती बसली तेच तिच्या चुलीत घालू?"

तो गप्प बसला. तो गप्प बसला की मला वाटतं त्याला पटलं. मग बघतो तर मोबाईलमध्ये असतो.

मी तलासरीला वखारीत गेलो. मालक गुजराती, मराठी चांगलं बोलतो, पण नाही म्हणायचं असलं की गुजरातीत शिरतो.

"अरे काका, सागवान आणा, आंबा आणा, मी कधी नाही म्हटलंय? आ तो बळतण छे." बळतण म्हणजे आपलं सरपणच. दोन भाषांत एकच अपमान.

मी त्याच्या टेबलावर हात ठेवला. "हे कशाचं आहे?"

"सनमायका."

"वरचं सोड. आत काय आहे?"

"आत? आत भुसा दाबलेला असतो, काका."

"म्हणजे भुशाला कपडे चढवले तर टेबल, आणि माझं अख्खं झाड सरपण!"

आऱ्यावरचे कामगार हसले. मालकही हसला, पण ऐकेना. शिरीषाचे धागे उलटसुलट असतात, फळी पिळते, भुंगा लागतो, हे सगळं त्याने बोटांवर मोजून सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि काका, रस्त्याकडचं झाड. त्याच्या पोटात लोखंड असणारच. आऱ्याची पट्टी खिळ्याला लागून तुटली, तर समोरच्या पोराचं तोंड फाडेल. ते तुम्ही भरून देणार?"

यावर मी एवढंच म्हटलं, "लोखंड काढून आणतो. मग कापशील?"

"एकेक खिळा काढून आणा. मग बघू."

घरी येऊन छिन्नी, हातोडा, पकड घेतली आणि साल सोलायला बसलो. तेव्हा कळलं की माझ्या झाडावर अख्खा तालुका खिळे ठोकून गेला होता. शिकवणीच्या वर्गाचा बोर्ड, चिकूच्या खताची जाहिरात, मत मागणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. केबलवाल्याचा आकडा. कोणाच्या तरी मांडवाची तार, ती तर सालीने गिळलेली. झाड माझ्या दारात, सावली सगळ्यांना, आणि खिळा ठोकताना एकाने विचारलं नाही! जिथे खिळा तिथे आत लाकूड काळंनिळं पडलेलं, मार लागल्यासारखं. मी एकेक उपटत होतो आणि ठोकणाऱ्याला शिव्या देत होतो. ही चौकटीतून म्हणाली, "अहो, हळू. रस्त्यावरून माणसं जातात."

"जाऊ देत. त्यातलाच कोणीतरी असेल."

बरंचसं खोड साफ झालं. मग छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे झाड उभं असताना छातीएवढ्या, सालीत एक खळगा दिसला. मी तिथे छिन्नी लावली आणि शेजारच्या ओटीवरून ओरडा आला.

"भावजी! तो नको!"

वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला तेव्हा तिने अन्न सोडलं होतं. रात्रीबेरात्री उठून चालायला लागायची, कोणाशी तरी बोलायची, पोरांना ओळखायची नाही. तेव्हा भगत आणला होता. त्याने जे काय होतं ते या शिरीषात लांब खिळ्याने ठोकून ठेवलं आणि सांगितलं, आता सुटणार नाही. पुढच्या लावणीला वहिनी सगळ्यांच्या पुढे चिखलात उभी होती. मी हे मानतो की नाही, ते मला कोणी विचारू नये. मी तिला आधी पाहिलं आहे आणि नंतरही पाहिलं आहे.

पण त्या दिवशी माझ्या हातात छिन्नी होती आणि डोकं तापलेलं होतं.

"वहिनी, झाड पडलं तेव्हा तुम्हाला काही झालं नाही. आता काय होणार आहे?"

"झाड पडलं. खिळा नाही पडला."

"अहो पण खिळा ठेवला तर वखारवाला हात लावणार नाही!"

"मग नका कापू. तुमच्या बाकासाठी मला परत तशी करता का?" ती येऊन खोडावर हात टाकून उभी राहिली. एवढीशी बाई, वाळलेल्या शेंगेसारखी, पण हलेना.

मी छिन्नी फेकली. माझं झाड, माझं अंगण, माझी बायको दिवसभर उभी, आणि मला माझ्याच लाकडाला हात लावायला परवानगी पाहिजे! त्या दिवशी मी जेवलो नाही. हिची बाजू माझी असेल असं वाटलं होतं, तर ही म्हणाली, "तिला झोप लागणार नाही, आणि मी त्याच फळीवर आरामात बसू?"

"मग बसू नकोस. उभी राहा चौकटीला!"

ही खरंच उभी राहिली. माझ्याशी बोलेना. वहिनीशी मात्र कुंपणावरून दोन्ही वेळा गप्पा. शेवटी एका सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "तेवढा तुकडा तिला देऊन टाका ना. मला बसायचंय, लोळायचं नाही."

मी खोडाभोवती फिरलो. तुकडा देऊन टाका, हे सांगणं सोपं आहे. खिळा बरोबर मधे. खालचा भाग आखूड, आणि खिळ्याच्या वर थोड्याच अंतरावर फांद्या फुटलेल्या. मधला तुकडा सगळ्यात सरळ, एक गाठ नाही. तोच द्यायचा! तरी लाकडं तोडणाऱ्या कटरवाल्याला बोलावलं आणि खिळ्याच्या वर एक, खाली एक असे काप दिले. वहिनीच्या मुलांनी तो तुकडा लोटत नेला आणि घरामागे बांधाच्या कडेला खिळ्यासकट उभा पुरला. वहिनी म्हणाली, "उपकार झाले, भावजी." मी तोंड फिरवलं.

खालचा ओंडका टेम्पोने वखारीत नेला. मालकाने सगळीकडून हात फिरवून पाहिलं, मग आऱ्यावर चढवायला सांगितलं. पहिली फळी सुटली तेव्हा आतला गाभा तपकिरी, त्यात सोनेरी रेषा, कडेला पांढरं. कामगार जमले. मालक म्हणाला, "रंग सारो छे, चांगला आहे." आणि लगेच, "पण पिळणार, बघा."

तो अगदीच खोटा ठरला नाही, हे सांगितलं पाहिजे. पातळ फळ्या काढायला मी उगाच सांगितल्या, त्या पिळल्या. कडेच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागला, तो कापून टाकावा लागला. पण जाड फळ्या मी गोठ्यात सावलीला, मधे पट्ट्या घालून रचल्या होत्या. पावसाळा गेला, थंडी गेली, त्या जागच्या हलल्या नाहीत. सुताराने रंधा मारताना आरडाओरडा केला, एकीकडून गुळगुळीत केलं की दुसरीकडून उसकटतं म्हणाला. मी म्हटलं, काच कागदाने घास, तोंडाने नको. घासलं तेव्हा तोच म्हणाला की असं लाकूड बाजारात मिळत नाही. म्हणून मला कोणी विचारलं की शिरीष कापावा का, तर मी सांगतो, कापावा. जाड कापावा, पांढरं सोडावं, सावलीत सुकवावं. आणि न बघता सरपण म्हणणाऱ्याला दारात उभं करू नये.

बाक झाला, पण आखूड झाला. ही त्यावर बसते, दोन्ही हात फळीवर टेकते आणि आपली आपण उठते. तिच्या शेजारी थोडी जागा उरते, पण माझं अंग त्यात मावत नाही. मी एकदा बसून पाहिलं, तर हीच कडेला गेली. आता मी उंबऱ्यावर बसतो.

त्या उरलेल्या जागेत वहिनी बसते. तिला ती बरोबर पुरते. दुपारी भांडी झाली की येते, दोघी तांदूळ निवडतात, सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. परवा तिने बाकावर हात फिरवला, मग उंबऱ्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावजी, लाकूड चांगलं निघालं हो. थोडा लांब केला असता, तर तुम्हीपण बसला असतात."

हे तिने मला सांगावं!

ही खाली मान घालून तांदळातले खडे शोधत होती, पण तिचे खांदे हलत होते. मी काठी घेतली आणि गुरांना पाणी पाजायला गेलो. गुरं सकाळीच पाणी प्यायली होती.