बाकावरचा बाप

तो कवळ्या बनवायचा. गेली बावीस वर्षं हेच काम. दंतवैद्य लोक तोंडाचे ठसे पाठवत, त्यावरून तो प्लास्टरचे साचे काढी, मेणात एकेक दात बसवी आणि आठवड्याभरात कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या हसण्याची सोय करून देई. त्यातल्या फार थोड्यांना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. जबडे मात्र सगळ्यांचे ओळखीचे. दात कोरून पोट भरत नाही, असं कुणी ऐकवलं की तो म्हणायचा, आमच्या घरात चार पोटं त्याच्यावरच भरतात, आणि त्यातल्या दोघांना तर तळच नाही.

ती दोन पोटं म्हणजे त्याच्या मुली. थोरली सोळाची, धाकटी चौदाची. थोरली पोहायची, आणि पोहण्यापुढे तिला जग दिसत नसे. धाकटी काय करत नव्हती, ते सांगणं सोपं. धावायची, उंच उडी मारायची, शाळेच्या चेंडूफळीच्या संघात होती, मध्येच दोन महिने तिने ढोलावर काढले आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हात जोडल्यावर ढोल सोडला. तिला घरात टोळ म्हणत, कारण ती स्वयंपाकघरातून एकदा गेली की मागे काही उरायचं नाही. दोघींच्याही पायाला भिंगरी. आणि त्या भिंगरीची दोरी बापाच्या हातात.

मुलींची आई जमीनमोजणीच्या खात्यात होती. दीड वर्षापूर्वी तिची बदली सहा तासांच्या अंतरावर झाली. एकाआड एका शनिवारी ती यायची, रविवारी दुपारी परत जायची. रोज संध्याकाळी फोनवर तिचे तीन प्रश्न ठरलेले. जेवलात का? अभ्यास झाला का? आणि तू नीट झोपतोस का? पहिल्या दोन प्रश्नांना तो खरं उत्तर द्यायचा.

पावणेपाचला गजर व्हायचा. तो उठून अंडी उकडायला ठेवी, थोरलीला तीनदा हाक मारी, चौथ्यांदा पांघरूण ओढी. सव्वापाचला स्कूटरवर दोघी मागे, पायापाशी दोन पिशव्या. तरणतलावाच्या शेजारीच पळायचं मैदान होतं, म्हणून धाकटीला तिथे सोडायचं आणि मग थोरलीबरोबर आत जाऊन बाकावर बसायचं. सात वाजता दोघींना घेऊन घरी. डबे, केस, हरवलेला मोजा, सही राहिलेला कागद. साडेआठला शाळा, नऊला त्याचं काम. संध्याकाळी धाकटीचा संघ, थोरलीची शिकवणी, त्या दोन्हींच्या मधे भाजी, आणि भाजी चिरेपर्यंत फ्रीज उघडून उभी राहिलेली टोळ. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापड तरी मिळते, असं तो एकदा कामावरच्या सोबत्याला म्हणाला होता.

बाकावर तो झोपायचा. आधी त्याला याची लाज वाटे. बाकीचे आईबाप काठाकाठाने चालत, हातातल्या घड्याळात वेळ मोजत, मुलांना ओरडून सांगत. हा भिंतीला पाठ लावून बसला की दहा मिनिटांत हनुवटी छातीवर. क्लोरीनचा वास, पाण्याचा एकसारखा आवाज, प्रशिक्षक बाईंची शिट्टी, हे सगळं त्याला अंगाईसारखं झालं होतं. पुढे लाजही गेली. दिवसभरातली ती एक तासाची झोप त्याची स्वतःची होती.

थोरलीच्या निवड चाचणीचा दिवस गुरुवारी आला. चार वाजता मोठ्या तलावावर शर्यत, पहिल्या तिघींना पुढच्या फेरीत जागा. तीन वाजता शाळेच्या फाटकाशी येतो, असं त्याने दोघींना सांगितलं होतं. बुधवारी धाकटीचा सामना लांबला होता, त्यात तिचा गुडघा सोलवटला, मग गणवेश धुणं, मग थोरलीला धीर येत नाही म्हणून तिच्याशी बोलत बसणं. गुरुवारी सकाळी त्याने डब्यांना झाकणं लावली, ते पिशव्यांत टाकले, मुलींना सोडलं आणि कामावर आला.

त्या दिवशी त्याच्याकडे एका बाईंची कवळी होती. रेडिओवर तीस वर्षं बातम्या वाचून निवृत्त झालेल्या बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एका सभेत बोलायचं होतं, आणि बिनदाताची मी माइकपुढे उभी राहणार नाही, असा त्यांनी डॉक्टरांना निरोप दिला होता. मेणातले दात त्यांनी तोंडात घालून पाहिले होते, पसंत केले होते. आता शेवटचं काम राहिलं होतं. पितळी डबीत मेणाच्या जागी हिरड्यांसाठीचा गुलाबी मसाला दाबून भरायचा आणि ती डबी पाण्यात हळूहळू तापवायची. या कामात हुशारी लागत नाही, धीर लागतो. आच एकदम वाढली तर मसाल्यात बुडबुडे धरतात आणि कवळी आतून स्पंज होते.

डबी पातेल्यात सोडून तो स्टुलावर बसला. आच कमी करायला हात पुढे केल्याचं त्याला आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं. सोबत्याने खांद्याला हलवलं तेव्हा पातेलं खदखदत होतं आणि पाणी अर्ध्यावर आलं होतं.

डबी गार करून उघडली. वरून कवळी सुंदर दिसत होती. उजेडात धरली तशी टाळूच्या बाजूला बारीक बारीक ठिपके दिसले, मोहरी पेरल्यासारखे. बावीस वर्षांत शिकाऊ पोरांच्या हातून असं झालेलं त्याने पाहिलं होतं, त्यांना चार शब्द सुनावलेही होते. सोबती म्हणाला की आतून कोण बघतंय, घासून देऊन टाक. त्याने ती बाजूला ठेवली. महिन्याभरात ती कवळी बाईंच्या तोंडात तडकली असती, कदाचित बोलता बोलताच. त्याने डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि संध्याकाळी सहापर्यंतची मुदत मागून घेतली. साच्याची एक जास्तीची प्रत ठेवायची त्याची सवय होती, ती आज कामी आली.

मग मान वर केली नाही. मेण, पुन्हा अठ्ठावीस दात, पुन्हा डबी. हाताला काम येत होतं, फक्त डोळे वाळू भरल्यासारखे झाले होते. दुसऱ्यांदा डबी पाण्यात सोडून त्याने घड्याळ पाहिलं ते आच किती वेळ ठेवायची हे बघायला. पावणेचार वाजले होते.

पावणेचार. आणि तीनला शाळेच्या फाटकाशी.

तो उठला, स्कूटरची किल्ली घेतली, दारापर्यंत गेला, पातेल्याकडे वळून पाहिलं. पाण्याला नुकती वाफ धरत होती. सोबती दुपारच्या ठशांसाठी बाहेर गेला होता. तिथून तलाव चाळीस मिनिटं. गेला असता तर शर्यत संपल्यावर पोचला असता आणि इथे दुसरी कवळीही गेली असती. तो परत येऊन स्टुलावर बसला, आणि बसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. मग त्याने धाकटीला फोन लावला.

"आम्ही केव्हाच पोचलो," ती म्हणाली. मागे शिट्ट्यांचा, मुलींच्या गलक्याचा आवाज होता. "बसने आलो. तुम्ही विसरणार हे ताईला मधल्या सुट्टीतच कळलं होतं."

"कसं काय?"

"डबा उघडला तर आत काहीच नव्हतं, बाबा. दोघींच्याही. नुसते डबे. धुऊन पुसून झाकण लावलेले."

ती हसत होती. त्याला हसू येईना. काय खाल्लंत, असं त्याने विचारलं, तर मैत्रिणींनी दिलं असं तिने सांगितलं, आणि शर्यत सुरू होतेय म्हणून फोन ठेवला.

सव्वासहाला त्याने कवळी डॉक्टरांच्या हातात दिली. बाई तिथेच बसून होत्या. त्यांनी कवळी घातली, आरशात पाहिलं आणि शांतपणे, एकेक अक्षर सुटं करत, त्या दिवसाची तारीख आणि वार म्हणून दाखवला. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या की उशीर झाला तरी काम चोख आहे. एरवी या वाक्यावर त्याने आठवडा काढला असता. त्या दिवशी मान हलवून तो जिना उतरला.

मोठ्या तलावाचं फाटक बंद व्हायला आलं होतं. दोघी बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. थोरलीचे केस ओले, अंगावर धाकटीचा स्वेटर. धाकटीने त्याला स्कूटर उभी करू दिली नाही, लांबूनच सांगून टाकलं. ताई तिसरी आली. निवड झाली. आतापर्यंतची तिची सगळ्यात चांगली वेळ.

तो पायरीवर बसला. शाबास म्हणाला, डोक्यावरून हात फिरवला आणि चुकलं म्हणाला. पहिल्यांदाच तुझी शर्यत चुकली, पुन्हा असं होणार नाही. कामावर काय झालं तेही त्याने सांगितलं, झोप लागल्यासकट.

थोरली बराच वेळ पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. बोलण्यात ती आईवर गेली होती. मोजूनमापून बोलायची, पण एकदा खुंटी ठोकली की हलायची नाही.

"बाबा, रागावणार नसाल तर सांगते. आज तुम्ही नव्हता ते बरं झालं."

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं.

"मी डावीकडे श्वास घेते. जाताना मला भिंत दिसते. येताना तुम्ही दिसता. रोज. बाकावर झोपलेले, मान खाली गेलेली. मला वाटतं, आता पडतील. मग पुढचे चार हात माझं लक्ष पाण्यात नसतं. पुन्हा येते तेव्हा आधी बघते, पडले तर नाहीत ना."

"मग उठवायचं की मला."

"पाण्यातून?" धाकटी म्हणाली.

"आज डावीकडे कुणी नव्हतं," थोरली म्हणाली. "मी नुसती पोहले."

ती पुढे सांगत होती आणि तो ऐकत होता. सव्वापाचची पहिली बस घराजवळून सुटते. तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिका बाई त्याच बसने पहाटेच्या पाळीला जातात, त्यांना विचारून झालं आहे, त्या दोघींना थांब्यापासून तलावापर्यंत सोबत करतील. अंडी आदल्या दिवशीच उकडून ठेवता येतात. हे सगळं त्यांनी कधी ठरवलं, असं त्याने विचारलं. महिना झाला, धाकटीने सांगितलं. फक्त तुम्हाला कोण सांगणार यावर अडलं होतं.

त्याला वाईट वाटलं. दीड वर्ष तो हाडं झिजवून उठत होता ते पोरीला बळ यावं म्हणून, आणि पोर मात्र पाण्यातून त्याची राखण करत होती. पण त्या वाइटाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. जड पिशवी कुणीतरी हातातून काढून घेतल्यावर बोटं जशी आधी दुखतात, तसं. ते त्याने दोघींना सांगितलं नाही. बघू, तुमची आई काय म्हणते ते, असं म्हणाला.

आई शनिवारी आली. तिने सगळं ऐकून घेतलं, परिचारिका बाईंकडे स्वतः जाऊन आली आणि मग नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तू फोनवर माझ्याशी खोटं बोलत होतास."

"तिथे बसून तू काय करणार होतीस?"

"काळजी केली असती. तेवढा हक्क आहे मला."

रविवारी ती नेहमीपेक्षा एक बस उशिराने गेली.

सोमवारपासून मुली बसने जाऊ लागल्या. पहिला आठवडाभर तो थांब्यापर्यंत गेला. बस वळणाआड जाईपर्यंत उभा राहायचा आणि घरी येऊन अंथरुणावर पडायचा, पण डोळ्याला डोळा लागत नसे. दुसऱ्या आठवड्यात थोरलीने खाली यायलाही नको म्हणून सांगितलं. मग तो पडल्या पडल्या आवाज ऐकायचा. नळ, कुजबुज, कपाटाचं दार, धाकटीला बसलेला दबका धपाटा, कुलूप. बाकीच्या दिवसात फारसं काही बदललं नाही. संध्याकाळचा संघ होता, शिकवणी होती, सोलवटलेला गुडघा होता, आणि निवड झाल्यामुळे थोरलीचा सराव आता संध्याकाळीही सुरू झाला होता. सुट्टीत दोघींच्या शिबिरांच्या तारखा एकमेकींवर येत होत्या. त्या कशा जुळवायच्या, यावर फोनवर रोज वाद होत.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, त्याला जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. पावणेसात वाजले होते. त्याने नळ ऐकला नव्हता, कुलूप ऐकलं नव्हतं. घरात कुणी नव्हतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. मुलींनी जाण्याआधी दूध तापवलं होतं, आणि तळाशी लावून ठेवलं होतं. पातेल्यावर झाकण होतं, झाकणावर चिठ्ठी होती, सॉरी एवढंच लिहिलेली, धाकटीच्या अक्षरात.

त्याने दूध दुसऱ्या भांड्यात गाळून काढलं, बाह्या वर सारल्या आणि करपलेलं पातेलं घासायला घेतलं. अजून अंग जड होतं. इतक्या दिवसांची झोप एका सकाळीत फिटत नाही. पण मुली यायला अजून पंधरा मिनिटं होती, आणि घाई नव्हती.