चाचांशी ठरलं होतं

परवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कोळशाच्या इस्त्रीखालच्या ओलसर सुती कापडाचा वास आला आणि मी थेट घोरपडीतल्या आमच्या लहानपणच्या चाळीत पोचले.

नाताळाआधीच्या आगमनकाळातला रविवार होता. सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बजावलं होतं, की प्रभू येशू आपल्या लोकांना न्यायला कधीही परत येईल, तयार राहा. मी शाळकरी पोर, आईचा हात धरून तयारच होते. पण शेजारचे शिंपी रहीमचाचा? ते तर चर्चला येतच नसत. प्रभू आम्हाला घेऊन गेला आणि चाचा एकटेच मशीनपाशी बसून राहिले तर, या विचाराने दुपारी घशाखाली घास उतरेना.

शेवटी मी जाऊन त्यांना विचारलंच. माझ्याच नाताळच्या फ्रॉकला ते इस्त्री करत होते.

"अगं, तुमचा येशू तोच आमचा ईसा. तो परत येणार असं आम्हीपण मानतो," चाचा म्हणाले. "वाट आम्हीपण बघतोय."

"मग तुम्ही तयार आहात?"

त्यांनी कोळशांवर फुंकर घातली. "हा फ्रॉक झाला की तयार. असं करू बेटा, ज्याला ते आधी भेटतील, त्याने दुसऱ्याचं नाव सांगायचं."

आम्ही टाळी दिली. त्यांचा हात इस्त्रीने गरम झालेला होता. मग घरी येऊन मी पोटभर जेवले. चाचांना आपण वाचवलं, असंच मला वाटत होतं.

चाचा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. आगमनकाळात पाळक अजूनही तेच बजावतात, पण मला धास्ती वाटत नाही. तिकडे माझं नाव केव्हाच सांगून झालं असणार.