आईला शिकवलेली भेंडी

शीळ रस्त्यालगत आमचं शेत होतं. तिथं आता टॉवर आहे आणि त्याच टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे म्हणतात, नशीब काढलंत. आईचा जन्म इथंच भात लावण्यात आणि भात निघाला की भेंडी, काकडी, वाल काढण्यात गेला. डोंबिवलीच्या बाजारात बायका तिची भेंडी शेंडा मोडून न बघता घ्यायच्या.

पाया खणायला यंत्रं आली तेव्हा तिनं शेतातली माती गोण्यांत भरून ठेवली. घराचा ताबा मिळाल्यावर तीच माती कुंड्यांत घालून बाल्कनीत भेंडी लावली. रोपं वीतभर झाली, पिवळी पडली आणि मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. मेलेली रोपं उपटण्याआधी ती समोरच्या बाल्कनीतून कुणी बघत नाही ना, हे पाहून घ्यायची.

सोसायटीच्या ग्रुपवर एकदा मेसेज आला, घरच्या बागेच्या अडचणींवर मोफत सल्ला, तोही घरी येऊन. सल्ला देणाऱ्या बाई बाराव्या मजल्यावरच्या, ठाण्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. मी मेसेज वाचून सोडून दिला असता. आई म्हणाली, "बोलाव त्यांना. इचारून काय जातं?"

बाई रविवारी आल्या. वयानं आईच्याच बरोबरीच्या, तरी आईला मावशी म्हणाल्या. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईलाही त्या मावशीच म्हणतात. आमच्या समोरच्या दारातल्या बाईंना वहिनी म्हणतात. हे माझ्या डोक्यात गेलं, पण बोलायची सोय नव्हती, कारण बाई मनापासून आल्या होत्या. त्यांनी साडीचा पदर खोचला, खाली बसून कुंडीत बोट खुपसलं.

"मावशी, ही चिकण माती आहे. शेतात ठीक, कुंडीत तिचा दगड होतो. मुळांना हवा मिळत नाही. सगळी टाकून द्या. कुठून आणलीत?"

"हितलीच हाय," आई म्हणाली.

बाईंनी बाल्कनीतून खाली पाहिलं. खाली पेव्हर ब्लॉक आणि गाड्या. "इथं कुठे माती?" म्हणून त्या हसल्या.

"मॅडम, ती शेतकरी आहे," मी म्हणालो. "तुम्ही जिथं बसलात ना..."

"तू गप रं," आई म्हणाली. "त्या शिकल्यात. त्यांना बोलू दे."

मग बाईंनी सगळं समजावलं. कुंडीच्या तळाला भोकं पाडा, कोकोपीट आणि शेणखत मिसळा, बोटाला कोरडं लागेल तेव्हाच पाणी घाला. आई शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होती. संध्याकाळी तिनंच कुंड्या रिकाम्या केल्या आणि ती माती समोरच्यांच्या घराच्या कामात निघालेल्या फुटक्या फरश्यांबरोबर डेब्रिसच्या गाडीत गेली.

भेंडी आली, कोवळी, लांब, झकास. माझी पंचाईत इथंच झाली. बाईंचं चुकलं असतं तर त्यांच्या नावानं खडे तरी फोडता आले असते. त्या बरोबर होत्या. आईचं सगळं शिकलेलं चौथ्या मजल्यावर खोटं पडलं होतं, आणि त्याला बाई काय करणार?

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झाल्यावर बाईंनी आईला पुढं बोलावलं. तिची भेंडी सगळ्यांना दाखवली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. आईनं माइक दूरच धरला.

"मना काय येत नव्हतं," ती म्हणाली. "या मॅडमनी शिकवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या चेहऱ्यावर खोचकपणा शोधला. असता तर बरं वाटलं असतं. ती अगदी मनापासून बोलत होती. शेत घेताना निदान तिचा अंगठा तरी घ्यावा लागला होता. तिला येत होतं ते तर कुणी मागितलंही नव्हतं, आणि तिनं हसत हसत देऊन टाकलं.