एका डब्यातल्या दोन पावडरी

"मोठ्याने वाच," काका म्हणायचे आणि पावडरीचा डबा माझ्या नाकासमोर धरायचे.

मी डब्यावरचं नाव आणि नंबर वाचायचो. ते डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि मगच झाकण उघडायचे. चाळिशी उलटलेला माणूस टेक्सासमधल्या शुगर लँड गावी एका गॅरेजमध्ये उभा राहून शाळकरी मुलासारखं वाचन करतो, हे ऐकून माझी बायको बराच वेळ हसत होती.

काका आमच्या शेजारचे. मूळचे नागपूरचे, तेलकंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. रायफलची काडतुसं ते घरी भरायचे. वापरलेलं पितळी काडतूस साफ करायचं, बुडाला नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची पावडर तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. मग आम्ही दोघं नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदावर नेम मारायचो. हरणाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. तरी आपली मंडळी हा छंद ऐकून जरा सरकूनच बसत. तुम्हीही बसला असतात.

टेबलावर एका वेळी एकच डबा, बाकीचे कपाटात, हा त्यांचा कायदा. एकदा त्यांची नेहमीची पावडर बाजारातून गायब झाली. दुकानदाराने दुसरी पुढे केली, म्हणाला, जवळजवळ तीच आहे.

"ऑलमोस्ट सेम इज नॉट सेम," काका म्हणाले आणि आम्ही हात हलवत परत आलो.

गाडीत माझी शिकवणी झाली. "एक पावडर सावकाश जळते, दुसरी भसकन. वजन तेच घातलंस तरी आतलं प्रेशर वेगळं. आणि रायफल तुझ्या गालाला टेकलेली असते, बाबा. डोळा इथे असतो." तो हंगाम आम्ही नुसत्या गप्पा मारण्यात घालवला.

काकूंचं सगळं याच्या उलट. हे नाही तर ते, यावर त्यांनी अमेरिकेत अख्खा संसार रेटला. आमटीत कोकमाऐवजी लिंबू, खव्याऐवजी रिकोटा चीजचे पेढे. आईस्क्रीमच्या डब्यात मेतकूट आणि कॉफीच्या डब्यात साबुदाणा. दोन डाळी तळाला गेल्या की दोन्ही एकाच डब्यात ओतायच्या. "कशाला दोन डबे अडवायचे?" काकू म्हणायच्या. काका ते पेढे चवीने खायचे आणि वर ऐकवायचे, "तुझी सत्ता किचनपुरती. गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाही."

काकू गेल्या तेव्हा काका रडले नाहीत. आवरत सुटले. फडताळं, फ्रीज, औषधांचं कपाट, सगळं. मी जेवायला बोलावलं की म्हणायचे, "अरे, अजून बरंच आवरायचंय." मला वाटलं, माणूस स्वतःला सावरतोय. शनिवारी मात्र ते रेंजवर यायचे. आठवड्यातला तेवढाच एक दिवस ते दाढी करत. तो शनिवारही गेला तर या माणसाकडे काय उरेल, याचीच मला धास्ती होती.

त्या दिवशीची काडतुसं भरताना मी डबा नेहमीसारखा मोठ्याने वाचला होता. नाव बरोबर होतं, वजनही बरोबर होतं. रेंजवर पहिला बार मी काढला आणि खांद्याला असा दणका बसला की दात वाजले. काडतूस बाहेर काढायचा बोल्ट उघडेना. काकांनी रायफल माझ्या हातातून काढून घेतली, बाजूला ठेवली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे पाहिले. मग माझी बोटं एकेक करून चाचपली.

"लागलं का रे?"

"नाही काका. काही नाही झालं."

उरलेली काडतुसं त्यांनी कोणाला हात लावू दिली नाहीत. घरी येऊन त्यांनी तो डबा पांढऱ्या कागदावर उपडा केला. बारीक काड्यांसारखे दाणे आणि त्यांच्यातच मोहरीपेक्षा बारीक गोल दाणे. कपाटात दुसऱ्या एका पावडरीचा डबा होता, धुतल्यासारखा रिकामा.

काकांनी दोन्ही दाणे बोटाने वेगळे करून पाहिले. "दोन्ही तळाला गेल्या होत्या," ते म्हणाले. "म्हटलं, कशाला दोन डबे अडवायचे." आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं असावं. ते खाली बसले आणि काकू गेल्यानंतर पहिल्यांदा रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

सिएटलला राहणाऱ्या आपल्या मुलाला त्यांनी स्वतः फोन केला. "रायफल घेऊन जा. माझ्यावर भरवसा ठेवू नका," एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी नंतर आजाराचं नाव सांगितलं, पण निदान काकांनीच आधी केलं होतं.

पुढे त्यांना मेमरी केअरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या केंद्रात ठेवलं. मी शनिवारीच जायचो. आधी माझं नाव गेलं, मग नागपूर गेलं. काकू कधी येणार, असं ते नर्सला विचारायचे. पण मी दिसलो की त्यांचा चेहरा उतरायचा. ते माझे हात ओढून घ्यायचे, बोटं चाचपायचे, डोळ्यांत बघायचे. "लागलं नाही ना तुला?"

"नाही काका."

ते सुटकेचा निःश्वास टाकायचे. मी खुर्ची ओढून बसेपर्यंत पुन्हा तेच. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्या हातून या माणसाला काहीतरी होणार होतं, एवढंच राहिलं होतं. सगळं पुसणाऱ्या त्या आजाराला तेवढं एक पुसायला काय झालं होतं, या विचाराने आजही माझं डोकं फिरतं. शेवटी शेवटी मी जायचंच टाळावं का, असं त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "प्लीज या. तुम्ही ठीक आहात हे कळलं की बाबा थोडा वेळ शांत बसतात."

काका गेले तेव्हा फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शनासाठी त्यांना सूट घातला होता. दर्शनाच्या रांगेत माझी पाळी आली. विचारायला आता कोणी नव्हतं. मी दोन्ही हात उघडे करून त्यांच्यासमोर धरले आणि म्हणालो, "लागलं नाही, काका."

मागे माणसं खोळंबली होती. मी पुन्हा एकदा सांगितलं.